मावळचे पाणी आणि शेतीचा इंजिनिअर

मे महिना आला की मावळातल्या शेतकऱ्याचा एक डोळा आभाळाकडे असतो आणि दुसरा मुलाच्या बारावीच्या निकालाकडे. आभाळ कधी ना कधी भरून येतेच. निकालानंतर मात्र घरात जी चर्चा सुरू होते तिचा उलगडा तितक्या सहजासहजी होत नाही. मुलगा कोणत्या शाखेला घालावा? कोणी तरी ‘कृषी अभियांत्रिकी’ असे नाव घेतो आणि ओटीवर बसलेले आजोबा विचारतात, ‘‘इंजिनिअरच व्हायचे तर शेतात कशाला? आणि शेतच करायचे तर त्यासाठी चार वर्षे कॉलेजात कशाला?’’

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. शेती आणि इंजिनिअरिंग यांची आपल्या इलाख्यात एकदा गाठ पडली, मग ताटातूट झाली आणि पुष्कळ काळाने पुन्हा भेट झाली. ती हकीकत पाहिली म्हणजे या पदवीधरांच्या वाटा कोठून निघतात आणि कोठे जातात, हे समजण्यास मदत होईल.

मावळाला इंजिनिअर हा प्राणी नवा नाही. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली, ती इंजिनिअरांच्या करामतीने आणि हजारो मजुरांच्या घामाने. त्यानंतर इंजिनिअर आला तो पाण्यासाठी. लोणावळ्याला दीडशे इंचांच्या वर पाऊस पडतो. हे पाणी स्वाभाविकपणे इंद्रायणीतून पूर्वेकडे, भीमेकडे जावयाचे. परंतु घाटमाथ्यावरून खाली कोकणात सुमारे १७०० फुटांची उडी आहे आणि त्या उडीत वीज दडलेली आहे, हे जाणकारांच्या ध्यानात आले. १९११ साली टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे पाणी अडविण्यात आले, ते नळांतून खोपोलीला उतरविण्यात आले आणि १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२२ साली आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले. मग मुळशीची पाळी आली. तेथे भाताची खाचरे बुडणार म्हणून १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारीपणाखाली मावळे सत्याग्रहास उभे राहिले. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झाले ते झालेच.

ही कामे कमी दर्जाची होती असे कोणी म्हणणार नाही. गुरुत्वाकर्षणावर आणि पावसावर चालणारी ती वीज आजही येते. पण ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या सर्व योजनांत इंजिनिअर मावळात आला तो मावळच्या शेतासाठी नव्हे. त्याचा धनी मुंबईत होता. खाचराच्या बांधावर उभा राहून ‘हे पाणी या भाताला कसे पुरवू?’ असे विचारणारा इंजिनिअर तेव्हा जवळपास नव्हता.

असे का व्हावे? त्यासाठी पुण्याला जावे लागेल. १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा एक वर्ग निघाला. सार्वजनिक बांधकाम खात्याला रस्ते, पूल, कालवे आणि इमारती यांवर देखरेख करणारी माणसे हवी होती, ती तयार करणे हा त्याचा हेतू. या वर्गाचे पुढे कॉलेज झाले आणि त्याला ‘कॉलेज ऑफ सायन्स’ हे नाव मिळाले. १८७९ साली याच कॉलेजात शेतकीचे शिक्षण सुरू झाले. म्हणजे आपल्याकडचे शेतकीचे उच्च शिक्षण जन्मले तेच मुळी इंजिनिअरिंगच्या घरात! एकाच छपराखाली पुलाचे गणितही होते आणि पिकाचे शास्त्रही होते. या दोहोंची सोयरीक तेथेच जमती तर पुढचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

पण तसे घडले नाही. १९०७ साली डॉ. हॅरल्ड मॅन यांच्या प्राचार्यपदाखाली पुण्याला स्वतंत्र शेतकी कॉलेज झाले. १९११ साली जुन्या कॉलेजचे नावही ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ असे पडले. दोन भावांनी वाटण्या करून घेतल्या. धाकट्याच्या वाट्याला माती, बी, खत आणि रोगराई. थोरल्याच्या वाट्याला दगड, लोखंड आणि पाणी. शेतकीचा पदवीधर धरणाचे गणित शिकला नाही आणि धरण बांधणारा भाताची लावणी कधी होते हे विसरला. गंमत अशी की, ज्या १९०७ साली आपल्याकडे ही फारकत झाली त्याच साली अमेरिकेत शेतीच्या इंजिनिअरांनी आपली स्वतंत्र संस्था स्थापन केली. आयोवा येथे जे. बी. डेव्हिडसन यांनी शेतीच्या यंत्रांचे व जमिनीच्या निचऱ्याचे शिक्षण एक स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे करण्यास आरंभ केला होता.

आपल्याकडे या गोष्टीचा विचारच झाला नाही असे मात्र नाही. १८८३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात सरकारवर कोरडे ओढून ते थांबले नाहीत. डोंगरउतारांवर ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शेतातच मुरवावे आणि हे काम पलटणीतल्या व पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून करून घ्यावे, असे त्यांनी सुचविले. आज ज्याला आपण मृदसंधारण म्हणतो त्याचाच हा आराखडा होय. पदवी नव्हती, पण नजर शेतीच्या इंजिनिअरची होती. विश्वेश्वरय्या पुण्याच्याच कॉलेजातून बाहेर पडले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे त्यांचे नाव झाले, परंतु कालव्याचे पाणी पिकांना पाळीपाळीने आणि विभागून देण्याची त्यांची ‘ब्लॉक पद्धत’ही तितकीच मोलाची होती. तेथे इंजिनिअर धरणावरून उतरून पाटाच्या कडेने शेतापर्यंत आला. आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर! मुंबईच्या तांत्रिक शाळेत शिकविणारा हा माणूस बेळगावात लोखंडी नांगर घडवू लागला. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी त्या नांगराला हात लावीनात. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे तो नांगर महाराष्ट्रभर गेला. अर्थात काळ्या जमिनीतली हरळी उपटणारा तो जड नांगर मावळच्या चिमुकल्या खाचरांसाठी नव्हता. यंत्र कितीही चांगले असले तरी ते जमिनीच्या मापाचे हवे, हा धडा येथे मिळतो आणि तो पुढे उपयोगी पडणार आहे.

या शास्त्राची पदवी आपल्या देशात प्रथम निघाली ती अलाहाबादच्या कृषी संस्थेत, १९४२ च्या सुमारास. मेसन वॉ नावाचा अमेरिकन शिक्षक तेथे १९२१ पासून देशी बैलांना झेपतील असे नांगर बनवीत होता. त्यांपैकी एकाचे नाव त्याने ‘वाहवाह’ ठेवले आणि दुसऱ्याचे ‘शाबाश’! १९५१ साली स्थापन झालेल्या खरगपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेनेही आरंभीच्या काळातच हा विषय घेतला. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठ झाले १९६८ साली आणि राहुरीला कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले १९६९ साली. अकोला, परभणी आणि दापोली येथे ही सोय त्यानंतर झाली. १८७९ साली एका घरात असलेले आणि पुढे विभक्त झालेले ते दोन भाऊ अशा रीतीने साठ वर्षांनंतर पुन्हा एका पंक्तीला बसले.

आता या पंक्तीतून उठलेली मंडळी गेली कोठे, ते पाहू.

पहिली वाट सरकारी, आणि ती मातीची होती. मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा १९४२ सालीच झाला होता आणि समपातळी बांधांची कामे चालू होती. राहुरीच्या पहिल्या तुकड्या बाहेर पडू लागल्या त्या सुमारास १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला हलविले होते. रोजगार हमीची कामे निघाली. बांध, नालाबंडिंग, पाझर तलाव यांसाठी उतार मोजणारी, सांडव्याची रुंदी ठरविणारी माणसे हवी होती. बांध दोन फूट उंच करावा की तीन, दोन बांधांत अंतर किती ठेवावे, हे अंदाजाचे काम नव्हे. चुकले तर पहिल्याच वळवाने बांध फुटतो आणि माती आधीपेक्षा अधिक वाहून जाते.

दुसरी वाट विद्यापीठांची. शिकून शिकविण्याची व अवजारांच्या संशोधनाची. तिसरी बँकांची. विहीर, पंप वा ट्रॅक्टर यांसाठी कर्ज देताना योजना फायद्याची आहे की नाही हे पारखणारा तांत्रिक अधिकारी त्यांना लागतो. चौथी वाट कारखानदारीची. ट्रॅक्टर व पंप यांच्या जोडीला १९८० नंतरच्या काळात जळगावकडून ठिबक सिंचनाची लाट आली आणि पाण्याच्या थेंबाचा हिशेब करणाऱ्या पदवीधराला बाजारात किंमत आली. पाचवी वाट परदेशाची. अमेरिकेत काही विद्यापीठांनी १९६० च्या दशकापासून या शाखेला ‘जैविक व कृषी अभियांत्रिकी’ असे नाव देण्यास सुरुवात केली. बियाण्यापासून अन्नप्रक्रियेपर्यंत जेथे जेथे सजीव वस्तू आणि यंत्र यांची गाठ पडते ते सर्व त्यात आले.

सहावी वाट स्पर्धा परीक्षांची, आणि ती सर्वांत गर्दीची. पदवी शेतीच्या यंत्रांची आणि डोळा तहसील कचेरीवर, असा हा प्रकार आहे. त्याबद्दल मुलांना हसण्यात अर्थ नाही. २०२३ च्या आरंभी राहुरीचे विद्यार्थी आंदोलनास बसले, ते लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून आपला विषय वगळला गेला या तक्रारीवरून. जलसंधारणाची पदे स्थापत्य अभियंत्यांना आणि कृषी खात्याची पदे कृषी पदवीधरांना, मग आम्ही कोणाचे, असा त्यांचा सवाल आहे. १९०७ ची वाटणी कॉलेजांतून गेली, पण कचेऱ्यांतून अद्याप गेलेली नाही, असाच याचा अर्थ.

आता मावळात परत येऊ. वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली ‘इंद्रायणी’ हा वाण दिला. आपल्या आंबेमोहोराचा वास आणि फिलिपाईन्समधल्या ‘आय. आर. ८’ या बुटक्या भाताचे उत्पन्न, यांचा तो संकर. हे काम पैदास करणाऱ्या शास्त्रज्ञांचे. पण तांदूळ शेतातून ताटात यावयाचा तर मध्ये गिरणी आहे. भात फार ओले असले तर भरडताना दाणा चिरडतो, उन्हात फार तापले तर त्याला तडा जातो. चौदा टक्क्यांच्या आसपास ओलावा राखून आणि जुन्या हलरऐवजी रबरी रुळांच्या गिरणीत भरडले तर कणी कमी पडते. अखंड तांदूळ आणि कणी यांच्या भावातला फरक हा शेतकऱ्याच्या खिशातला पैसा आहे. कामशेत-वडगावच्या भागातील भात गिरण्यांत शेतीच्या इंजिनिअरला काम नाही, असे कोण म्हणेल?

लावणीचेही तसेच. चारसूत्री पद्धतीत पंचवीस व पंधरा सेंटिमीटरच्या खुणा केलेली दोरी धरून रोपे लावतात आणि चार रोपांच्या मध्ये खताची गोळी खोचतात. दोरी आणि गोळी, एवढीच ती यंत्रसामग्री. परंतु खत पाण्याबरोबर वाहून जात नाही आणि कोळपणीस जागा राहते. किर्लोस्करांच्या नांगराने जो धडा दिला तो येथे वळला आहे. यंत्र खाचराच्या मापाचे आहे.

आणि तळेगावच्या आसपासची हरितगृहे! दोन हजार फुटांच्या जवळची उंची, सौम्य हवा आणि मुंबईचा हमरस्ता यांमुळे तेथे गुलाबाची शेती आली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर प्लास्टिकचे आवरण, मुळाशी ठिबक आणि तोडणीनंतर शीतगृह. फेब्रुवारीत ही फुले परदेशी जातात. मावळचा जोराचा वारा सांगाड्याने सोसावा, कागद फाटू नये, आत हवा खेळावी, हे सारे इंजिनिअरचे गणित आहे. तळेगावलाच काढणीपश्चात तंत्रज्ञानाची संस्था आहे आणि तेथे या विद्येचे प्रशिक्षण मिळते.

तरीही मावळच्या मनात इंजिनिअरबद्दल एक जुनी अढी आहे आणि तिला कारण आहे. पवना धरण १९७२ साली झाले. पुढे त्याचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवड शहराला नेण्याची योजना निघाली. नदी कोरडी पडली तर आमच्या उपसा पंपांनी काय ओढावयाचे, असे म्हणत शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचे प्राण गेले. १९२१ आणि २०११. मध्ये नव्वद वर्षे आणि एक स्वातंत्र्य. शहराला पाणी नको असे कोणी म्हणत नाही. नळातून पाण्याची गळती आणि घाण टळते, हेही खरेच. पण नळाचा व्यास काढणारा इंजिनिअर हजर होता. नदीकाठच्या शेताला किती पाणी लागते, किती कमी पाण्यात भागेल आणि ते कसे पोचवावयाचे, याचा हिशेब मांडून मावळच्या बाजूने बोलणारा इंजिनिअर किती जणांना आठवतो?

पुणे जिल्ह्यातच याचे उलट उदाहरण आहे. विलासराव साळुंखे हे इंजिनिअर व कारखानदार. १९७२ च्या दुष्काळानंतर ते पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि त्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता माणशी वाटावयाचे, भूमिहीनालाही वाटा द्यावयाचा आणि ऊस लावावयाचा नाही, हे तिचे नियम. पंप आणि पाइप तेच. धनी मात्र बदलला होता.

ओटीवरच्या आजोबांना उत्तर द्यावयाचे ते एवढेच की, मुलाला जरूर घाला. पोट भरण्याच्या वाटा सहा आहेत, त्यांपैकी एखादी त्याला सापडेल. त्याने बँकेत जावे, कारखान्यात जावे, साहेब व्हावे. त्यात कमीपणा नाही. पण ज्या तालुक्याचे पाणी शंभर वर्षे दुसऱ्यांनी मोजले, त्या तालुक्यात आपले पाणी आपण मोजणारी दहा-वीस मुले असावीत, ही अपेक्षा फार मोठी नव्हे. ग्रामपंचायतींनी, भात गिरण्यांनी आणि सोसायट्यांनी त्यांना काम द्यावे व त्या कामाचा मोबदलाही द्यावा. मुलगा परत येत नाही म्हणून हळहळण्याआधी त्याच्यासाठी गावात खुर्ची आणि टेबल ठेवले आहे काय, हे आपण घरी जाऊन पाहिले पाहिजे.