पेटीतून आलेलं ग्रंथालय

सुरतेत पुस्तकांची परंपरा जुनी आहे. अँड्र्यूज लायब्ररी 1850 सालची. कवी नर्मद इथलेच, आणि महानगरपालिकेच्या मोठ्या ग्रंथालयाला नावही त्यांचंच. तरी सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे नेमकं काय, हे मला उमगलं ते सुरतेपासून तीसेक किलोमीटरवरच्या नवसारीचा इतिहास वाचताना. नवसारी तेव्हा बडोदा संस्थानात होती आणि तिथे राज्य होतं आपल्या सयाजीराव गायकवाडांचं.

सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. 1875 साली बाराव्या वर्षी ते दत्तक गेले, तोवर अक्षरओळखही फारशी नव्हती. अशा माणसाला अक्षराची किंमत कळणारच. 1893 साली त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलींनासुद्धा!

पण बायांनो, विचार करा. चार इयत्ता शिकलेली पोर लग्न होऊन सासरी गेली. चूल, पाणी, लेकरं. हाती पुन्हा पुस्तक आलंच नाही, तर शिकलेलं किती दिवस टिकणार? शाळेने पेरलेलं उगवत ठेवायला ग्रंथालय हवं, हे महाराजांनी ओळखलं. अमेरिकेतली ग्रंथालयं त्यांनी स्वतः पाहिली होती. 1910 साली तिथून विल्यम बॉर्डन नावाच्या जाणकाराला त्यांनी बोलावून घेतलं. राजवाड्यातली सुमारे वीस हजार पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वाचनाची वेगळी सोय केली.

गावांसाठी योजना सोपी होती. गावाने वर्गणी जमवायची, तेवढीच भर स्थानिक मंडळाने आणि तेवढीच सरकारने घालायची. मोतीभाई अमीन यांच्यासारखे शिक्षक त्यासाठी गावोगाव फिरले. जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे लाकडी पेटीत पुस्तकं भरून पाठवत, आणि वाहतुकीचा खर्च सरकारचा. वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. मला या पेटीचं फार अप्रूप वाटतं. ज्या बाईला उंबरा ओलांडता येत नव्हता, तिच्या निदान गावापर्यंत तरी पुस्तक चालत आलं.

आपण जैन बायका पुस्तकाला पाय लागू देत नाही. श्रुतपंचमीला शास्त्रांची पूजा करतो, वेष्टनं बदलतो. पाटणच्या आपल्या ज्ञानभांडारांनी शेकडो वर्षं ताडपत्रं जपली, म्हणून तर ती उरली. पाटणही बडोदा संस्थानातच. तिथल्या हस्तलिखितांची पाहणी सरकारने करवली आणि 1916 पासून निघालेल्या गायकवाड प्राच्यमालेत त्यातले ग्रंथ छापून लोकांपुढे आले. भांडाराने जपलं, छापखान्याने वाटलं. दोन्ही पुण्याचीच कामं. पण नुसतं जपलेलं पुस्तक वाचणाऱ्याची वाट बघत बसतं, हेही तितकंच खरं.

आज उधना-लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या लेकींना मराठी बोलता येतं, पण वाचायला घरात काय असतं? आपल्या कपाटातली वाचून झालेली पुस्तकं एका पेटीत भरून अशा वस्तीत महिनाभर ठेवली, मग दुसरीकडे नेली, तर? त्याला ना राजवाडा लागतो, ना बॉर्डनसाहेब. पेटी मी देते. पुस्तकं तुम्ही काढा.