सीपॅन : पर्लच्या भांडारातील शोध

लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पर्ल या संगणकभाषेची मॉड्यूल्स (पुन्हा वापरता येणारे आज्ञावलीचे तयार भाग) सुरुवातीला निरनिराळ्या सर्व्हरांवर विखुरलेली होती. ती एकत्र आणण्यासाठी टेक् या अक्षरजुळणी प्रणालीच्या ‘सीटॅन’ संग्रहाच्या धर्तीवर १९९५ मध्ये ‘सीपॅन’ हे भांडार सुरू झाले. त्यात यार्को हिएतानिएमी यांचा पुढाकार होता. भांडाराच्या प्रती अनेक देशांतील सर्व्हरांवर ठेवल्या जात.

फाइली लेखक, मॉड्यूल आणि विषयवार वर्ग यांनुसार लावलेल्या असत. संग्रह फुगत गेला तशी ही मांडणी अपुरी पडू लागली. ग्रॅहॅम बार यांच्या शोध-संकेतस्थळामुळे मॉड्यूल, त्याचा लेखक आणि माहितीपत्रक एकाच ठिकाणी सापडू लागले.

मात्र मॉड्यूल सापडले, तरी ते भरवशाचे आहे का, हा प्रश्न उरे. त्याचे उत्तर वापरकर्त्यांच्या सहभागातून मिळाले. ‘सीपॅन टेस्टर्स’ उपक्रमात स्वयंसेवक आपापल्या संगणकांवर मॉड्यूलच्या चाचण्या चालवून निकाल नोंदवतात. पुढे आलेल्या ‘मेटासीपॅन’ या नव्या शोध-संकेतस्थळाने इलॅस्टिकसर्च ही शोधप्रणाली वापरून शोध वेगवान केला आणि आवडत्या मॉड्यूलला पसंती देण्याची सोय जोडली. २०१८ मध्ये जुने शोध-संकेतस्थळ बंद होऊन त्याचे दुवे मेटासीपॅनकडे वळवण्यात आले.