उलटा पंख

शाळामास्तराच्या हातून होणाऱ्या चुका दोन प्रकारच्या. फळ्यावरची चूक डस्टरने पुसता येते. वर्गात बोललेली पुसता येत नाही. अशाच एका न पुसलेल्या चुकीपायी हा लेख लिहावयास घेतला आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी विमानाच्या पंखाचा धडा शिकवीत होतो. मागल्या बाकावरच्या एका मुलाने वहीत मोटार काढली होती आणि तिच्या पाठीवर तोच पंख उलटा बसविला होता. "मोटारीला उडायचे आहे की काय रे? ही नुसती शेपटीची शोभा!" असे म्हणून मी वर्गाला हसविले. तो मुलगा मात्र हसला नाही. आज त्याचे स्वतःचे गॅरेज आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने मुद्दाम बोलावून एका गिऱ्हाइकाची स्पोर्ट्‌स कार मला दाखविली. कळ दाबताच डिकीच्या कडेशी चपखल बसलेली पट्टी हलकेच वर आली; पुन्हा दाबताच खाली गेली. "सर, ही शोभा नव्हे," एवढेच तो म्हणाला. घरी येऊन मी या पट्टीचा, म्हणजे स्पॉयलरचा, इतिहास धुंडाळू लागलो, आणि ध्यानात आले की अशा पंखाला नाकारणारा काही मी पहिला नव्हतो.

गोष्ट मुळात साधी आहे. मोटारीचे वरचे अंग फुगीर असते. वेग वाढला की त्यावरून जाणारी हवा गाडीला किंचित वर उचलू पाहते, मागची चाके हलकी होतात आणि ऐन वळणावर टायरची पकड सुटते. चाके दाबून धरावयाची, तर गाडीत धोंडे भरता येतील; पण ते धोंडे वळताना गाडीला बाहेरही ओढतील. वारा हे एकच ओझे असे आहे की जे चाकांना दाबते आणि स्वतः काहीच वजन आणीत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. मात्र वारा फुकट राबत नाही. जो पंख दाबतो तो अडवितोही. म्हणून वळणावर हवासा वाटणारा पंख सरळ रस्त्यावर नकोसा होतो. पंख हलता का असावा, याचे सारे उत्तर एवढ्यातच आहे.

१९२८ च्या मे महिन्यात बर्लिनजवळच्या आव्हुस मार्गावर फ्रिट्‌स फॉन ओपेल याने २४ अग्निबाण जोडलेली गाडी ताशी २३८ किलोमीटर वेगाने हाकली. ती जमिनीवरून उचलली जाऊ नये म्हणून तिला दोन्ही बाजूंस उलटे पंख लावले होते. पुढे १९५५ च्या ल मांच्या शर्यतीत मर्सिडीझ कंपनीने आपल्या गाड्यांच्या पाठीवर चालकाने उभारावयाची एक मोठी झडप बसविली. हेतू होता ब्रेकला मदत करण्याचा. पण झडप उघडी असता गाडी वळणावर अधिक घट्ट बसते, हे चालकांच्या ध्यानात आले. त्याच शर्यतीत एक मर्सिडीझ प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली. झडपेचा त्यात दोष नव्हता. पण कंपनी मध्यरात्री शर्यतीतून निघून गेली आणि तो धडाही तिच्याबरोबर गेला.

पुढच्याच वर्षी, १९५६ साली, मिखाएल माय नावाचा तरुण स्विस इंजिनिअर आपली पोर्श ५५० घेऊन न्यूर्बुर्गरिंगच्या हजार किलोमीटर शर्यतीला आला. आसनाच्या वर त्याने चक्क एक उलटा पंख उभारला होता, आणि बसल्या जागेवरून त्याचा कोन बदलण्याची सोय केली होती. सरावात गाडी उत्तम धावली. परंतु मागून येणाऱ्या चालकांना या पंखामुळे दिसणार नाही, असे सांगून अधिकाऱ्यांनी तो उतरविण्यास लावले. झाले! पुढली दहा वर्षे तो विचार जणू अडगळीत पडला. हे वाचताना मला माझ्याच वर्गातले ते हसणे ऐकू आले.

तो विचार पुन्हा उचलला टेक्ससमधल्या मिडलंड गावच्या जिम हॉल याने. १९६६ साली त्याच्या चॅपरल २ई या गाडीच्या मागे दोन खांबांवर उंच पंख आला. हे खांब गाडीच्या अंगावर नव्हे, तर थेट मागच्या चाकांच्या आधारांवर उभे होते. त्यामुळे दाब स्प्रिंगांत न मुरता नेमका चाकांवर पडे. गाडीला क्लच-पेडल नव्हते, म्हणून डावा पाय मोकळा. त्या पायाखाली हॉलने पंखाचे पेडल दिले. सरळ रस्त्यावर पेडल दाबावे, पंख सपाट होई; वळणाआधी पाय उचलावा, पंख आपसूक तिरपा होऊन गाडीला दाबून धरी. त्याच वर्षी लगुना सेका येथे या गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या.

यश पाहिले की नक्कल करणारे धावतात. १९६८ पासून फॉर्म्युला वनमध्ये पंखांचे पीक आले. पण पंख तेवढा उचलला गेला, त्याचा भार पेलणाऱ्या आधाराचा हिशेब मागे राहिला. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोंजुइक येथे ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस गाड्यांचे पंख एकाच उंचवट्यापाशी मोडले. हिल बचावला, रिंट जखमी झाला. त्याच महिन्यात मोनाकोला उंच पंखांवर बंदी आली. मागच्या हलत्या पंखालाही फॉर्म्युला वनचे दार लागले, ते २०११ साली पुन्हा थोडेसे उघडेपर्यंत.

शर्यतीतून हाकललेला हा पंख मग रस्त्यावरच्या गाडीत शिरला. १९७२ साली पोर्श ९११ कॅरेरा आरएसला बदकाच्या शेपटीसारखी पक्की कड आली. १९८६ च्या लान्चिया थेमा ८.३२ मध्ये चालकाने कळ फिरविताच वर येणारी पट्टी होती, आणि १९८९ च्या पोर्श ९११ मध्ये ती ताशी ८० किलोमीटरला विजेच्या मोटरने आपोआप उठू लागली. ज्यांना अजूनही ही शोभा वाटते त्यांनी ऑडी टीटीची हकीकत आठवावी. १९९८ साली बाजारात आलेल्या या देखण्या गाडीचे भर वेगात जीवघेणे अपघात झाले, तेव्हा विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांना जे जे बसविले, त्यांत मागची एक लहानशी कडही होती.

हे सारे वाचून मी पुन्हा गॅरेजात गेलो. या वेळी प्रश्न विचारणारा विद्यार्थी मी होतो. डिकीचा पत्रा हा दाब सोसेल का? पट्टीचे दोन्ही हात एकदमच उठतात का? मागे दाब वाढल्यावर पुढची चाके हलकी पडली तर काय? त्याने डिकी उघडून आतून दिलेली लोखंडी पट्टी दाखविली, दोन्ही हातांना जोडणारा एकच दांडा दाखविला, आणि तिसऱ्या प्रश्नावर म्हणाला, "म्हणूनच पुढच्या बंपरखालीही कड द्यावी लागली, सर. आणि गिऱ्हाइकाला सांगितलंय, ही आहे म्हणून वेग वाढवू नका."

"तुझं वहीतलं चित्र बरोबर होतं," मी म्हणालो. तो क्षणभर गप्प राहिला. मग हात पुसत म्हणाला, "खांब बारीक काढले होते, सर. मोडले असते."