लिहिणाऱ्याला न दिसणारी चूक

जर्मनीत आल्प्सच्या पायथ्याशी गार्मिश नावाचे गाव आहे. ऑक्टोबर १९६८मध्ये नाटोच्या विज्ञान समितीने तिथे एक परिषद भरवली. ११ देशांतून सुमारे ५० जण आले. त्यात विद्यापीठांतले प्राध्यापक होते, संगणक बनवणाऱ्या कंपन्यांचे लोक होते आणि ते संगणक वापरणारेही होते. सगळ्यांची तक्रार सारखीच होती. सॉफ्टवेअर वेळेवर पूर्ण होत नाही, ठरलेल्या खर्चात बसत नाही आणि एवढे करून त्यात चुका राहतातच. परिषदेचे नाव मुद्दाम ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ असे ठेवले होते. पूल बांधणाऱ्यांकडे शास्त्राची आणि शिस्तीची जी बैठक असते, ती या धंद्याकडे अजून नाही, हे टोचून सांगण्यासाठी तो शब्द निवडला होता.

त्याच वर्षी मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. पुढे पन्नास वर्षांत मुंबई, पुणे आणि बंगळुरूकडे जाणाऱ्या पोरांची रांग लागली. आज लातूर, मालेगाव, औरंगाबाद, सोलापूरच्या मोहल्ल्यांतही ‘मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे’ हे वाक्य अभिमानाने ऐकू येते. या धंद्यातल्या कंपन्यांचा आणि श्रीमंतांचा इतिहास आपल्याला पाठ असतो. पण या धंद्यातल्या चुका मोजत बसलेल्या माणसांचा इतिहास मराठीत फारसा सांगितला जात नाही. मी प्रोग्रामर नाही, इतिहासाचा वाचक आहे. तरीही तो सांगावासा वाटतो, कारण त्याचा थेट संबंध आपल्या मुलांच्या शिक्षणाशी आहे.

गार्मिशच्या आधी काय चालले होते, ते आयबीएमच्या ‘ओएस/३६०’ या प्रणालीवरून कळते. १९६०च्या दशकात तिच्यावर एका वेळी हजाराहून अधिक माणसे खपत होती. काम तरीही लांबत गेले. त्या कामाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली अनुभवाचे पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या कामात आणखी माणसे घातली की ते आणखी लांबते, हे त्यांचे निरीक्षण आजही सांगितले जाते. नव्या माणसाला काम समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि माणसे वाढली की आपसातले बोलणे त्याहून वेगाने वाढते.

गार्मिशनंतर उपायांचा पूर आला. कोणी म्हणाले, प्रोग्रामची रचना अमुक पद्धतीने करा. कोणी म्हणाले, गणिताने सिद्ध करा. कोणी नवी भाषा आणली. प्रत्येकाचा आपल्या औषधावर विश्वास होता, पण रोगी खरोखर बरा झाला का, हे मोजणारे थोडे होते.

मोजण्याच्या वाटेवर पहिला अडथळा माणसाच्या स्वभावाचा होता. १९७१ साली जेराल्ड वाइनबर्ग यांनी प्रोग्रामरच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे साधे होते. प्रोग्रामर आपल्या कोडला आपलाच अंश समजतो. मग त्यातली चूक दाखवली की त्याला ती स्वतःवरची टीका वाटते आणि तो चूक पाहण्याऐवजी कोडची वकिली करू लागतो. वाइनबर्ग यांनी सुचवले, कोड सर्वांसमोर ठेवा, एकमेकांचा वाचा, चूक सापडली तर ती कामातली समजा.

हा विचार पद्धतीत बसवला मायकेल फेगन यांनी. ते आयबीएममध्ये हार्डवेअरच्या बाजूने आलेले इंजिनिअर. कारखान्यात सुटा भाग पुढे जाण्याआधी तपासला जातो, मग कोड का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. १९७६ साली त्यांनी आपली ‘इन्स्पेक्शन’ पद्धत प्रसिद्ध केली. चार जण बसतात. एक बैठक चालवणारा, एक आराखडा करणारा, एक कोड लिहिणारा, एक चाचणी घेणारा. सगळे आधी कोड वाचून येतात. बैठकीत एक जण ओळीमागून ओळ काय करते ते सांगत जातो आणि बाकीचे चुका शोधतात. चूक सापडली की फक्त नोंदवायची, दुरुस्तीची चर्चा तिथे करायची नाही. बैठक दोन तासांपेक्षा लांबवायची नाही, कारण थकलेल्या डोळ्यांना चुका दिसत नाहीत.

फेगन यांची आणखी एक ताकीद होती. इथे सापडलेल्या चुकांचा आकडा प्रोग्रामरची पगारवाढ किंवा बढती ठरवायला वापरायचा नाही. तसे केले तर दुसऱ्या दिवसापासून चुका लपवल्या जातील आणि बैठकीत नाटक सुरू होईल. मला ही सबंध पद्धतीची किल्ली वाटते. ज्या ठिकाणी चुकीची शिक्षा होते, त्या ठिकाणी चुकीची नोंद होत नाही. हे कार्यालयाइतकेच शाळेलाही लागू पडते.

त्याच १९७६ साली अमेरिकेत मेरीलँड राज्यात एक वेगळी प्रयोगशाळा उभी राहिली. नासाचे गॉडार्ड केंद्र, मेरीलँड विद्यापीठ आणि कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन ही कंपनी यांनी मिळून ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग लॅबोरेटरी’ स्थापन केली. नासाचे फ्रँक मॅकगॅरी आणि विद्यापीठाचे व्हिक्टर बॅसिली हे तिचे आधारस्तंभ. इथे उपग्रहांसाठी खरे सॉफ्टवेअर तयार होत असे आणि ते तयार होत असतानाच त्याचा अभ्यासही होत असे. कोणत्या कामाला किती तास लागले, चूक कुठे झाली, कधी सापडली, दुरुस्तीला किती वेळ गेला, याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या.

१९८७ साली बॅसिली आणि त्यांचे सहकारी रिचर्ड सेल्बी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ७४ जण होते, ३२ व्यावसायिक प्रोग्रामर आणि ४२ वरच्या वर्गातले विद्यार्थी. त्यांना चुका असलेले प्रोग्राम दिले आणि त्या तीन पद्धतींनी शोधायला लावल्या. दोन पद्धती प्रोग्राम चालवून पाहण्याच्या होत्या. तिसरी होती नुसता कोड वाचण्याची. व्यावसायिकांच्या गटात कोड वाचणाऱ्यांना चालवून पाहणाऱ्यांपेक्षा जास्त चुका सापडल्या आणि तासागणिकही त्यांचाच वेग जास्त निघाला. आपल्याला एकूण किती चुका सापडल्या असाव्यात, याचा अंदाजही वाचणाऱ्यांचाच सर्वांत बरोबर आला. विद्यार्थ्यांच्या गटांत मात्र वाचनाची अशी स्पष्ट आघाडी दिसली नाही. मला यातून एवढे कळते की कोड वाचणे हे एक कसब आहे आणि ते सरावाने येते.

हे कसब नसले तर काय होते, याचा पुरावा त्याच काळात मिळत होता. कॅनडात बनलेले ‘थेरॅक-२५’ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून प्रचंड जादा मात्रा बसली आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. टेक्सासमधल्या टायलर गावी यंत्र चालवणारीने चुकून एक्स-रेचे अक्षर टाइप केले, लगेच वर जाऊन ते दुरुस्त केले आणि पुढे गेली. ही दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत झाली की यंत्राच्या आतली मांडणी जुनीच राहायची आणि पडद्यावर मात्र सगळे ठीक दिसायचे. सरावलेला हात जितका जलद, तितका धोका मोठा.

नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या अपघातांचा सविस्तर शोध मांडला. हे सॉफ्टवेअर एकाच माणसाने काही वर्षांत मिळून लिहिले होते. त्याचे कागदपत्र अगदी तुटपुंजे होते. हीच चूक आधीच्या ‘थेरॅक-२०’ यंत्रातही होती, पण तिथे वेगळे यांत्रिक कुलूप असल्याने कोणाला इजा झाली नाही. शिकागोत तर नव्या विद्यार्थ्यांची तुकडी आली की त्या यंत्राचे फ्यूज उडत असत. नवखी मुले वाटेल तशी बटणे दाबतात, म्हणून. त्या फ्यूजमागे सॉफ्टवेअरमधली चूक आहे, हे टायलरच्या घटनेनंतर उमगले. नव्या यंत्रात यांत्रिक कुलूप काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता.

याच सुमारास वॉट्स हम्फ्री २७ वर्षांची आयबीएमची नोकरी संपवून १९८६ साली पिट्सबर्गच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये आले. अमेरिकी संरक्षण खात्याने कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८४ साली ती स्थापन केली होती. हम्फ्री यांच्या विचारातून कंपन्यांची कार्यपद्धती पाच पातळ्यांवर जोखणारी ‘सीएमएम’ ही मोजपट्टी घडली. भारतीय कंपन्यांनी ती उत्साहाने उचलली. बंगळुरूचे मोटोरोलाचे केंद्र पाचव्या पातळीवर पोहोचणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या केंद्रांपैकी होते. पुण्यातही १९८१पासून फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने टाटांचे संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, सॉफ्टवेअर कसे बनवावे याच्या अभ्यासात होते.

पण कंपनीला प्रमाणपत्र मिळाले म्हणून माणसाला सवय लागतेच असे नाही. हे हम्फ्री यांनीच ओळखले. १९९५च्या पुस्तकात त्यांनी एकेकट्या प्रोग्रामरसाठी अभ्यासक्रम मांडला. विद्यार्थी छोटे छोटे प्रोग्राम लिहितो, प्रत्येक टप्प्याला लागलेली मिनिटे आणि झालेली प्रत्येक चूक स्वतः नोंदवतो आणि यंत्राला देण्याआधी आपलाच कोड वाचून तपासतो. ही वही शिक्षकाच्या धाकासाठी नसते. आपला हात नेमका कुठे घसरतो, ते ज्याचे त्याला दाखवण्यासाठी असते.

शिक्षणाची स्थिती किती नाजूक आहे, ते २००१ साली उघड झाले. मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटाने चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना पहिला अभ्यासक्रम संपल्यावर एक प्रोग्राम लिहायला दिला. ११०पैकी सरासरी गुण २३च्याही आत आले. मुलांना प्रश्न सोडवता येत नाही, असा सोपा निष्कर्ष निघाला असता. पण २००४ साली रेमंड लिस्टर यांच्या गटाने सात देशांत वेगळी परीक्षा घेतली. यात लिहायचे काहीच नव्हते. दिलेला छोटा कोड वाचून तो काय उत्तर देईल ते ओळखायचे होते किंवा अपुऱ्या कोडसाठी दिलेल्या पर्यायांतून योग्य तो निवडायचा होता. तिथेही कितीतरी मुले अडखळली. ज्याला दहा ओळी वाचता येत नाहीत, तो शंभर ओळी कशा लिहिणार?

दुसरीकडे लॉरी विल्यम्स यांनी यूटा आणि नंतर नॉर्थ कॅरोलिनात विद्यार्थ्यांना जोडीने बसवून प्रयोग केले. एक टाइप करतो, दुसरा शेजारी बसून वाचत राहतो, मग अदलाबदल. यूटातल्या प्रयोगात जोडीच्या कामात चुका कमी निघाल्या. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ येथेही असे अभ्यास झाले आणि जोडीने शिकणारी मुले, विशेषतः मुली, या विषयात टिकून राहायला मदत होते असे आढळले.

आता आपल्याकडे पाहू. ओळखीपाळखीतल्या बऱ्याच मुलांच्या जर्नल मी चाळल्या आहेत. सगळ्यांत तेच प्रोग्राम, त्याच क्रमाने, त्याच आउटपुटसह. ते पाठ होतात, प्रात्यक्षिकाच्या दिवशी टाइप होतात आणि गुण मिळतात. तीन-चार वर्षांत दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम हातात देऊन ‘यात काय चुकले आहे’ असे विचारणारा शिक्षक बहुतेकांना भेटलेला नसतो. नोकरी लागल्यावर मात्र पहिल्या दिवसापासून दुसऱ्यांचा जुना कोड वाचावा लागतो. ज्या घरात आधी कोणी या धंद्यात नव्हते, तिथल्या मुलाला हे सांगणारा मोठा भाऊ किंवा मामा नसतो. शहरातल्या मुलाला जे ओळखीतून कळते, ते याला नोकरी गमावण्याच्या धाकात शिकावे लागते. आता तर कोड लिहून देणारी यंत्रे आली आहेत. लिहिण्याची मजुरी स्वस्त होत आहे आणि वाचून खरे-खोटे करणाऱ्याची गरज वाढत आहे.

खरे तर वाचून ताडण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे. हस्तलिखितांच्या काळात कातिबाने नक्कल पूर्ण केली म्हणजे काम संपत नसे. ती मूळ प्रतीशी ताडून वाचली जाई. अरबीत त्याला ‘मुकाबला’ म्हणतात. ताडणी कुठवर आली, त्याची खूण समासात केली जाई आणि अशी खूण असलेली प्रत अधिक विश्वासाची मानली जाई. नक्कल करणारा कितीही निष्णात असला तरी त्याच्या नजरेतून ओळ सुटू शकते, हे त्यांनी गृहीत धरले होते. त्यात कातिबाचा अपमान कोणाला वाटत नसे.

म्हणून शिक्षकांना आणि मोहल्ल्यात अभ्यासिका चालवणाऱ्या तरुणांना माझी एक सूचना आहे. आठवड्यातून एक तास मुलांना जोडीने बसवा. त्यांच्या हातात तीस ओळींचा, दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम द्या. त्यात तीन चुका ठेवा. एकाने ओळ समजावून सांगायची, दुसऱ्याने अडवायचे. सापडलेल्या चुका वहीत लिहायच्या, पण त्यावर कोणाचे गुण कापायचे नाहीत. यासाठी नवा संगणक लागत नाही, इंटरनेट लागत नाही. छापील कागद आणि पेन्सिल पुरते.