प्रश्न कोणाचा? सासष्टी ते केडगाव

धर्माचा इतिहास बहुधा उत्तरांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या परिषदेने कोणता सिद्धान्त मान्य केला, कोणत्या आचार्याने कोणता ग्रंथ रचला, याची नोंद राहते. श्रद्धा ठेवूनही ज्याला कळले नाही त्याने काय विचारले, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या सामान्य माणसापुढे काही प्रश्न पहिल्या दिवसापासून उभे असतात. एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत कसा? सर्वज्ञ देवाने निषिद्ध फळाचे झाड बागेत का लावले? ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावच पडले नाही त्या पूर्वजांची गती काय? मराठीत अशा प्रश्नांना उत्तरे देण्याची परंपरा चारशे वर्षांहून जुनी आहे. त्या परंपरेत प्रश्न नेमका कोणाचा होता, हे पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

आरंभ गोव्यातील सासष्टी प्रांतात होतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधील विल्टशरचा जेझुइट 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यास पोहोचला आणि 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिला. त्याचे कार्यक्षेत्र शांत नव्हते. देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्या बाळगण्यास बंदी होती. 1583 मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले आणि पुढे पोर्तुगीज सत्तेने त्या गावच्या पुढाऱ्यांना ठार करून त्याचा सूड घेतला. अशा प्रदेशात धर्मांतरितांच्या मनात काय चालले असेल, हे सांगणारी त्यांची स्वतःची कागदपत्रे फारशी उरलेली नाहीत. म्हणूनच 1616 मध्ये छापल्या गेलेल्या स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'ची कथाचौकट महत्त्वाची ठरते.

सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरात सासष्टीतील एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीपुढे येतो आणि आपली अडचण मांडतो. मुलांना शिकवली जाणारी धर्मतत्त्वे उत्तम आहेत. पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तेव्हा त्यांच्या जागी ऐकायला काही द्याल की नाही? पाद्री हे म्हणणे मान्य करतो आणि पुराण सुरू होते. पुढेही श्रोते मधूनमधून शंका काढतात आणि निरूपण करणारा पाद्री त्यांचे समाधान करतो. हा ब्राह्मण स्टीफन्सच्या लेखणीतून उतरलेला आहे, हे विसरता येणार नाही. तरीही त्याच्या तोंडी घातलेली मागणी कल्पनेची वाटत नाही. ज्यांची पुराणे हिरावली गेली, त्यांची रिकामी झालेली संध्याकाळ तिच्यात दिसते. ही गरज पाद्रीने ऐकली होती, एवढे या चौकटीवरून निश्चित म्हणता येते.

उत्तर देताना स्टीफन्सने भाषेचा दुहेरी व्यवहार केला. स्वर्गासाठी त्याने 'वैकुंठ' हा शब्द निःसंकोच वापरला; पवित्र आत्म्यासाठी मात्र 'स्पिरितु सांतु'सारखा परका शब्द तसाच ठेवला. जेथे ओळखीच्या शब्दाने श्रोता जवळ येईल तेथे ओळखीचा शब्द आणि जेथे ओळखीमुळे अर्थ भलतीकडे जाण्याची भीती तेथे अनोळखी, असे हे धोरण दिसते. कठीण शिकवणुकीचे स्पष्टीकरण हा मुळात शब्दनिवडीचा प्रश्न आहे, याची जाण मराठी ख्रिस्ती वाङ्मयात एवढी जुनी आहे.

याच स्टीफन्सची कोकणीतील 'दौत्रिन क्रिस्तां' ही प्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये राचोल येथे छापली गेली. तिचे रूप गुरुशिष्यसंवादाचे आहे. पण प्रश्नोत्तरीत प्रश्नही धर्मपीठाचा आणि उत्तरही धर्मपीठाचेच. उत्तर आधी सिद्ध असते आणि त्याला शोभेल असा प्रश्न शिष्याच्या पदरी घातला जातो. स्मरणासाठी हे साधन उपयुक्त असले, तरी शंकेला तेथे स्वतःचे घर नसते. पुराणातील श्रोत्याला निदान मागणी करता येते. प्रश्नोत्तरीतील शिष्याला तेवढीही मुभा नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत वादाला तोंड फुटले. 1831 मध्ये मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वाद केला, 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहिली आणि तिला विल्सन यांचे उत्तर आले. 1842 मध्ये 'ज्ञानोदय' निघाले. या वाङ्मयात बायबलविषयीचे कठीण प्रश्न भरपूर आहेत, पण ते बहुतेक प्रतिपक्षाचे आहेत. वादात गुंतलेल्या धर्माला स्वतःच्या घरातील शंका अडचणीची वाटते. बाहेरच्याला उत्तर देताना आतल्याने गप्प बसावे, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा जिने उघडपणे नाकारली ती पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. नीळकंठशास्त्री गोरे यांच्या युक्तिवादाचा त्यांच्या या निर्णयात वाटा होता. संस्कृत शास्त्रपरंपरेत वाढलेल्या आणि कलकत्त्यास 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळवलेल्या या विदुषीने बाप्तिस्मा घेताना बुद्धी गहाण टाकली नव्हती. पुढील दोनतीन वर्षांतील त्यांचा पत्रव्यवहार 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, कुमारीच्या पोटी झालेला जन्म, अथनेशियन मतांगिकारातील शापवचने या प्रत्येक मुद्द्यावर रमाबाईंनी मूळ वचनाचा आधार मागितलेला त्यात दिसतो. चर्चने सांगितले, एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारले आहे, तेव्हा तसेच दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. क्रुसावरील लेख लॅटिनऐवजी संस्कृतात का नसावा, हा त्यांचा प्रश्नही त्याच स्वाभिमानाचा.

त्यांना उत्तर देणाऱ्या दोन स्त्रियांच्या भूमिका वेगळ्या होत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांचे प्रेम खरे होते, पण शिष्येने आधी आज्ञा पाळावी, आकलन पुढे होईल, असे त्यांना वाटे. प्रश्नांमागे त्यांना अहंकार दिसे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र शंकेला पाप मानले नाही. रमाबाईंना धर्म बुद्धीला आणि सदसद्विवेकाला पटला पाहिजे, हे ओळखून त्या तत्त्वज्ञानाच्या अंगाने उत्तर देत आणि जेराल्डिनना सबुरीचा सल्ला देत. आजच्या वाचकाला बीलबाई जवळच्या वाटतील. परंतु जेराल्डिनना केवळ हेकट ठरवणेही न्यायाचे होणार नाही. हा पत्रसंग्रह मुळात त्यांनीच जुळवून ठेवला. ज्या प्रश्नांनी त्या दुखावल्या, ते आपल्यापर्यंत पोहोचले ते त्यांच्याच हातून.

या साऱ्या पत्रांतून रमाबाईंना सर्व उत्तरे मिळाली असे नाही. त्यांच्या श्रद्धेला पुढे जे वळण मिळाले ते युक्तिवादापेक्षा आत्मानुभवाचे होते, असे त्यांनीच आपल्या साक्षीत नोंदवले आहे. पण प्रश्न विचारण्याचा जो हक्क त्यांनी वाँटेजला मागितला होता, त्याचे ऋण त्यांनी केडगावात फेडले. दुष्काळातून आलेल्या मुली, परित्यक्ता आणि विधवा मुक्तिसदनात राहत होत्या. त्यांतील बहुतेकींना प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा कळणे कठीण होते. ज्याला वाक्यच कळत नाही तो शंका काढू शकत नाही. तो फक्त मान डोलावतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा अभ्यासल्या आणि संपूर्ण बायबलचे सुबोध मराठीत भाषांतर हाती घेतले. वेदान्ताचा वा पुराणांचा अर्थ चिकटलेले शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. स्टीफन्सने जुन्या शब्दांत नवा अर्थ भरला; जुन्या शब्दांचे वजन आयुष्यभर पेललेल्या रमाबाईंनी ते खाली ठेवले.

या निर्णयाची किंमतही होती. साधेपणासाठी भाषेचे सौष्ठव अनेकदा बाजूला पडले आणि हे भाषांतर मुक्तिसदनाच्या परिघाबाहेर फारसे रुजले नाही. 'क्रिस्तपुराणा'ची रसवत्ता त्यात शोधणाऱ्या अभ्यासकाची निराशाच होईल. परंतु दोन ग्रंथांचे प्रयोजन निराळे आहे. पुराण ऐकण्यासाठी होते. त्यात निरूपण करणारा पाद्री वाचक आणि वचन यांच्यामध्ये उभा असे. रमाबाईंना मध्ये कोणी उभे राहायला नको होते, त्या स्वतःसुद्धा नाही.

5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेले होते. 1924 मध्ये ते मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडले. तेथे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे सदनातील स्त्रियांनीच केली होती. सासष्टीतील त्या ब्राह्मणाला आपले मागणे पाद्रीच्या ओवीतून मांडावे लागले. केडगावच्या स्त्रियांच्या हाती मूळ वचनच आले, तेही त्यांच्या बोलीजवळच्या मराठीत आणि त्यांनी स्वतः छापलेले. ते वाचून त्यांनी एकमेकींना काय विचारले असेल, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.