ज्यू कुटुंबांची छायाचित्रे : कोकण, मुंबई आणि यूरोप

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत ज्यू समाजाची जी छायाचित्रे घेतली गेली, ती आज इतिहासाचे साधन म्हणून महत्त्वाची मानली जातात. कुटुंबाने हौसेने स्टुडिओत काढवून घेतलेले चित्र, ‘जमातीचा नमुना’ म्हणून घेतलेले चित्र आणि छळछावणीतील अधिकाऱ्याने टिपलेले चित्र ही वरवर सारखी दिसली, तरी पुरावा म्हणून त्यांचे मोल भिन्न असते. चित्र कोणी घेतले, कोणासाठी घेतले आणि चित्रातील व्यक्तींची नावे कोणी व केव्हा नोंदविली, या प्रश्नांच्या उत्तरांवर ते अवलंबून असते. मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. कारण मराठी मातृभाषा असलेल्या बेने इझ्राएल समाजाची छायाचित्रे या इतिहासाचाच भाग आहेत.

बेने इझ्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि त्यांतून सात जोडपी वाचली. कुलाबा (रायगड) जिल्ह्यातील गावांत तेलाचे घाणे चालविणाऱ्या व शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत. दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे गावांवरून आली आहेत. अठराव्या शतकापासून ते मुंबईत येऊ लागले. सॅम्युएल इझीकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात या समाजाचे मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर उभारले. हाइम सॅम्युएल केहिमकर (१८३०–१९०८) यांनी लिहिलेला समाजाचा इतिहास १८९७ मध्ये पूर्ण झाला; तो प्रसिद्ध मात्र १९३७ मध्ये झाला.

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. तिच्याशी निगडित असलेल्या विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींची चित्रे घेतली. त्यांत बेने इझ्राएलांचाही समावेश आहे. जॉन्सनचा या विषयावरील द्विखंडात्मक ग्रंथ १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अनेक चित्रांत व्यक्ती एका ठिकाणी टिपून पार्श्वभूमी दुसऱ्या चित्रातून जोडलेली आहे. पोशाख, दागिने, पागोट्याची बांधणी यांविषयी ही चित्रे बरीच माहिती देतात. परंतु चित्रखाली व्यक्तीचे नाव नसून जमातीचे नाव असते. समोर बसलेला मनुष्य त्या चित्रात केवळ नमुना म्हणून उरतो.

पुढे स्टुडिओचा खर्च मध्यमवर्गास परवडू लागल्यावर हे चित्र पालटले. नऊवारी लुगडे नेसलेल्या स्त्रिया, पागोटे किंवा टोपी घातलेले पुरुष, पलटणीतील नोकरीची पदके छातीवर लावलेले सुभेदार असे समूह बेने इझ्राएलांच्या कौटुंबिक संग्रहांत आढळतात. शेजारच्या प्रभू वा ब्राह्मण कुटुंबाच्या तत्कालीन चित्राहून ते वेगळे ओळखणे पुष्कळदा कठीण जाते, आणि हेच त्यांचे ऐतिहासिक मूल्य होय.

पूर्व यूरोपातही अशीच चित्रे काढली जात. लिथ्युएनियातील एशिश्केस (यिडिश नाव ऐशिशोक) या गावी कॅट्स कुटुंबाचा स्टुडिओ होता. गावातून अमेरिकेस व अन्यत्र गेलेल्या आप्तांना वर्षप्रतिपदेच्या शुभेच्छांबरोबर छायाचित्रे पाठविण्याची प्रथा होती. सप्टेंबर १९४१ मध्ये गावातील व परिसरातील सुमारे साडेतीन हजार ज्यूंची दोन दिवसांत हत्या झाली. कॅट्स यांची नात याफा एलिआख या इतिहासकार झाल्या. त्यांनी जगभर विखुरलेल्या कुटुंबांकडून सुमारे सहा हजार छायाचित्रे व त्यांतील व्यक्तींची माहिती जमविली. त्यांपैकी सुमारे एक हजार चित्रे वॉशिंग्टन येथील १९९३ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात एका मनोऱ्याच्या भिंतींवर लावलेली आहेत. ती टिकली, कारण ती आधीच गावाबाहेर गेली होती.

छावण्यांतील चित्रांचा उगम याच्या उलट आहे. आउशव्हित्स येथे व्हिल्हेल्म ब्रास्से या पोलिश कैद्याकडून इतर कैद्यांची ओळखचित्रे काढवून घेतली जात. जानेवारी १९४५ मध्ये ती जाळण्याचा हुकूम झाला असता ब्रास्से व त्याच्या सहकाऱ्याने तो पाळला नाही. त्यामुळे सुमारे ३९ हजार चित्रे वाचली. मात्र आगगाडीतून उतरताच विषारी वायूच्या कोठडीकडे नेलेल्यांचे ओळखचित्र कधीच घेतले गेले नाही. ठार झालेल्यांत बहुसंख्य तेच होते.

त्यांची जी चित्रे आहेत ती एका अल्बममध्ये सापडली. मे–जून १९४४ मध्ये हंगेरीच्या ताब्यातील प्रदेशातून आणलेले ज्यू स्थानकावर उतरत असता एस्एस्‌च्या छायाचित्रकारांनी ती घेतली. अल्बमचे शीर्षक ‘हंगेरीतील ज्यूंचे स्थलांतर’ असे असून आतील मथळे ‘कामास निरुपयोगी पुरुष’ अशा भाषेत आहेत. लिली याकोब ही अठरा वर्षांची मुलगी त्याच सुमारास बिल्के या गावातून तेथे आली होती. एप्रिल १९४५ मध्ये शेकडो किलोमीटर दूर डोरा छावणीत आजारी असता तिला सैनिकांच्या रिकाम्या बराकीत हा अल्बम सापडला. उघडून पाहता तिला तीत आपले धर्मगुरू, दोन धाकटे भाऊ आणि स्वतःचा चेहरा दिसला. कुटुंबातील इतर कोणीही वाचले नव्हते. पुढे भेटलेल्या ज्या वाचलेल्यांनी आपली माणसे ओळखली, त्यांना तिने काही चित्रे देऊन टाकली. १९६४ मध्ये फ्रँकफुर्ट येथील खटल्यात तिने साक्ष दिली आणि १९८० मध्ये अल्बम जेरूसलेम येथील याद व्हाशेम या संस्थेस अर्पण केला. मारेकऱ्यांनी तयार केलेला दस्तऐवज अशा रीतीने मृतांच्या नावांचा दस्तऐवज झाला. अभ्यासकाने मथळ्यावर नव्हे, तर अशा ओळखींवर भर द्यावा.

वाचलेल्यांची चित्रे बहुतेक मुक्तीनंतर दोस्त सैन्याबरोबरच्या छायाचित्रकारांनी घेतली. बूखेनव्हाल्ट ११ एप्रिल १९४५ रोजी मुक्त झाल्यावर मार्गारेट बुर्क-व्हाइट तेथे पोहोचल्या; १९४६ मध्ये गांधीजींचे चरख्याजवळील प्रसिद्ध चित्र घेणाऱ्या त्या याच. ही चित्रे जगाला पटविण्यासाठी आवश्यक होती, पण त्यांतील कृश देह बहुधा अनामिक राहिले. त्याच छावणीतील फळ्यांवर दाटीने पडलेल्या कैद्यांच्या एका चित्रात लेखक एली वीझेल (१९२८–२०१६) यांनी स्वतःला ओळखले, ते पुष्कळ नंतर.

जर्मनीत ऑक्टोबर १९३८ पासून ज्यूंच्या पारपत्रांवर लाल ‘जे’ उमटविण्यात आला आणि जानेवारी १९३९ पासून पुरुषांच्या नावात ‘इझ्राएल’, स्त्रियांच्या नावात ‘सारा’ हे शब्द घालणे सक्तीचे झाले. कोकणातील समाज जे नाव अभिमानाने धारण करीत होता, तेच तेथे कलंक म्हणून लादले गेले. त्याआधी थोड्याच काळापूर्वी, १९३७-३८ मध्ये, बेने इझ्राएल समाजातील डॉ. एलाइजा मोझेस राजपूरकर मुंबईचे महापौर होते. मुंबईत १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू साहाय्य संस्थेने निर्वासितांना आधार दिला. तरी युद्ध सुरू होताच जर्मन पारपत्राच्या कारणाने त्यांतील अनेकांना प्रथम नजरकैदेत जावे लागले. पुरंदर व सातारा येथेही अशा छावण्या होत्या. त्यांची गणना छळछावण्यांत करता येणार नाही. ‘छावणी’ या एकाच शब्दाने हा घोटाळा होतो. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात राहिलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांच्या चित्रांबाबतही हेच म्हणता येईल. ते सोव्हिएट रशियातील हद्दपारीतून सुटून आलेले, मुख्यतः कॅथलिक लोक होते. त्यांना नाझी छावण्यांतून वाचलेले ज्यू म्हणणे चूक आहे.

१९५१ मध्ये भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११ च्या जनगणनेत ती संख्या पाच हजारांहून कमी भरली. बहुसंख्य बेने इझ्राएल कुटुंबे स्वेच्छेने इझ्राएलमध्ये स्थायिक झाली आणि त्यांच्याबरोबर छायाचित्रेही गेली. ऐशिशोकप्रमाणे येथे हत्याकांड झाले नाही, म्हणून चित्रांतील माणसांची नावे सांगणारे अद्याप हयात आहेत. परंतु तेथील तरुण पिढीचे शिक्षण हिब्रूत होते. चित्रामागे मराठीत लिहिलेले नाव तिला वाचता येईलच असे नाही. दिमोना, अश्दोद, लोद येथील घरांतील आणि ठाणे, मुंबई, अलिबाग येथे राहिलेल्या कुटुंबांतील चित्रांची नावे, गाव, स्टुडिओ व साल यांसह एकत्र नोंद होणे हे काम वृद्धांच्या हयातीतच करावयाचे आहे.