टोपणाची दोरी

जुन्या करारातील गणना ह्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात शुद्धाशुद्धतेचे जे नियम दिलेले आहेत, त्यांत एक नियम भांड्यांविषयीचा आहे. तंबूत कोणी मरण पावले, तर ज्या उघड्या भांड्यावर झाकण बांधलेले नसेल ते भांडे अशुद्ध समजावे, असा त्याचा आशय. वाचताना आपण तो ओलांडून पुढे जातो. वाळवंटात फिरणाऱ्या लोकांचे हे नियम, आपल्याला त्यांचे काय, असे वाटते. पण त्या १५व्या ओवीत झाकण नुसते असून भागत नाही. ते दोरीने भांड्याला जखडलेले असावे लागते. सुटे झाकण केव्हाही घरंगळते, हे त्या भटक्या लोकांना नीट ठाऊक असले पाहिजे.

हीच जाण आपल्या चर्चच्या उपासनेतील पात्रांतही दिसते. धूपदाणीचे झाकण साखळीत ओवलेले असते. ते वर सरकते, खाली येते, पण धूपदाणीपासून वेगळे होत नाही. आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेण्यासाठी फादर जी लहान गोल डबी गळ्यात घालतात, तिचे झाकण बिजागरीवर उघडते. पवित्र तेलांच्या कुप्यांची झाकणे मात्र फिरकीची आणि सुटी असतात. म्हणून कोणते तेल कोणत्या कुपीत आहे हे कळावे यासाठी त्यांवर लॅटिन अक्षरे कोरलेली असतात. जिथे झाकण बांधता आले नाही, तिथे निदान त्याला नाव दिले गेले.

आपल्या मराठी मुलखात बांधलेल्या झाकणाचे उत्तम उदाहरण देवघरात नव्हे, चंचीत सापडत असे. ते म्हणजे चुनाळू. पान खाणाऱ्याची असो वा तंबाखू मळणाऱ्याची, पितळेची किंवा जर्मन सिल्व्हरची ती लहानशी डबी चांगल्या कारागिराच्या हातची असली, तर तिचे झाकण बिजागरीवर बसवलेले असे. कित्येक डब्यांना चुना काढण्याची छोटी कांडीही साखळीने अडकवलेली असे. पुढे पत्र्याची दुतोंडी डबी आली. एका तोंडात तंबाखू, दुसऱ्यात चुना. तिची झाकणेही बहुधा डबीलाच धरून असत. खानदेशात शेतावर निघालेल्या माणसाच्या कमरेला ही डबी दिसली नाही, तरच नवल वाटावे असा एक काळ होता.

ह्या डबीचा आणखी एक गुण होता, आणि तो कोणी मुद्दाम योजलेला नव्हता. तिच्यातील चुना घट्ट असे. तो बोटाने किंवा कांडीने उकरून घ्यावा लागे. डबी दाबली तरी ती दबत नसे. मुलाच्या हाती लागली तर फार तर बोट माखे, कधी जीभ भाजे. तिच्यातून चुन्याची चिळकांडी उडणे शक्य नव्हते.

दाबून आतला पदार्थ बाहेर काढण्याची कल्पना आपल्याकडे आली ती चित्रकारांच्या रंगपेटीतून आणि दंतमंजनाच्या दुकानातून. युरोपातील चित्रकार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. रंग हवा असला की पिशवीला टाचणीने भोक पाडायचे, दाबून रंग काढायचा आणि तीच टाचणी भोकात खुपसून ठेवायची. टाचणी हेच टोपण. अर्थात रंग सुकत, पिशव्या फुटत. लंडनमध्ये राहणारा अमेरिकन चित्रकार जॉन गॉफ रँड ह्याने कथिलाच्या पातळ पत्र्याची, दाबता येणारी नळी तयार केली आणि १८४१ साली तिचे पेटंट घेतले. विन्सर अँड न्यूटन ह्या रंगवाल्यांनी ती उचलली, तिला फिरकीचे टोपण मिळाले आणि चित्रकार रंग घेऊन उघड्या रानात जाऊ लागले. १८९६ साली कोलगेटने अमेरिकेत दात घासण्याचे मलम अशाच नळीत भरले. दुसऱ्या महायुद्धात मलायातील कथिल जपानच्या ताब्यात गेले, तेव्हा १९४२मध्ये अमेरिकेत जुनी रिकामी नळी दुकानात परत दिल्याशिवाय नवी मिळेना. नळीचा एवढा हिशेब ठेवला गेला. टोपणाचा कोणी ठेवल्याचे वाचनात नाही.

महाराष्ट्रात नळीची ओळख घरोघरी झाली ती स्वातंत्र्यानंतर. केशव विष्णु पेंढरकर ह्यांनी १९५२ साली परळला विकोचा उद्योग सुरू केला. आधी दंतमंजनाची पूड, मग तिचेच मलम, मग हळदीचे क्रीम, अशी ती वाटचाल. दांडेकर बंधूंच्या कॅम्लिनने शाळकरी मुलांच्या हाती रंगांच्या इवल्या नळ्या दिल्या. त्या नळ्यांची टोपणे किती बाकांखाली हरवली असतील ह्याची मोजदाद चित्रकलेच्या शिक्षकांनाच विचारावी. १९८०च्या दशकात ठाणे जिल्ह्यातील वासिंदला एस्सेलच्या कारखान्यात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकत्र चिकटवलेल्या नळ्या निघू लागल्या, आणि टूथपेस्टच्या धातूच्या नळ्या हळूहळू मागे पडल्या.

धातूची नळी आणि प्लॅस्टिकची नळी ह्यांत एक मोठा फरक आहे. धातूची नळी दाबली की दबलेलीच राहते. शेपटाकडून गुंडाळत आणली की शेवटचा थेंबही निघतो आणि आत हवा जात नाही. प्लॅस्टिकची नळी हात सोडताच पुन्हा फुगते आणि तोंडातून हवा ओढून घेते. हवेबरोबर धूळ, ओल, माशी बसलेल्या जागेची घाण, सगळे आत. म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीला टोपणाची गरज अधिक. मलमाच्या ॲल्युमिनियमच्या नळीचे टोपण मुद्दामच सुटे ठेवलेले असते, कारण नळीचे तोंड पातळ पडद्याने बंद असते आणि टोपण उलटे करून त्याच्या पाठीवरील टोकाने तो पडदा फोडायचा असतो. बांधलेले टोपण उलटे कसे करणार? इथे सुटेपणाला कारण आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बाकीच्या असंख्य नळ्यांच्या बाबतीत मात्र सुटेपणाला सवयीपलीकडे आणि काही पैशांच्या बचतीपलीकडे कारण दिसत नाही.

टोपण नळीला धरून ठेवण्याचे साधन सत्तर वर्षांपूर्वीच हाती आले होते. १९५४ साली मिलानमध्ये जूलिओ नात्ता ह्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने पॉलिप्रॉपिलीन तयार केले. पुढे १९६३ साली कार्ल त्सिग्लर ह्यांच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या प्लॅस्टिकचा गुण असा, की त्याची पातळ पट्टी हजारो वेळा दुमडली तरी तुटत नाही. एकाच साच्यातून बूड, झाकण आणि मधली बिजागरी तिन्ही निघतात. खिळा नको, साखळी नको. आज शांपूच्या, क्रीमच्या, महागड्या टूथपेस्टच्या नळ्यांवर खटकन उघडणारे जे टोपण असते ते हेच. पितळेच्या चुनाळूला जी बिजागरी कारागीर ठोकून बसवीत असे, ती यंत्रातून एका दमात निघू लागली. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशानुसार ३ लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लॅस्टिक बाटल्यांचे टोपण बाटलीलाच जोडलेले असावे असा नियम केला आणि तो जुलै २०२४पासून लागू झाला. त्यामागचे कारण समुद्रकिनाऱ्यावर साचणारी टोपणे हे होते. मुलांच्या जिवासाठी टोपणाचा विचार झाला तो पेनच्या बाबतीत. पेनच्या टोपणाला शेंड्यावर जे भोक असते, ते टोपण घशात अडकले तरी श्वास चालू राहावा म्हणून आंतरराष्ट्रीय मानकाने सांगितलेले आहे. आपण ते शाई वाळण्यासाठी आहे असे समजत आलो!

आता पुन्हा चुन्याकडे येऊ. पितळेची डबी महाग, तिच्यात चुना घरी भिजवून भरायचा. तयार तंबाखूच्या पुडीबरोबर तयार चुनाही हवा झाला. तो प्लॅस्टिकच्या इवल्याशा पुड्यांतून आणि बोटाएवढ्या नळ्यांतून आला. नंदुरबार, शहादे, तळोदे, धडगाव, कुठल्याही आठवडे बाजारात तंबाखूच्या शेजारी तो टांगलेला दिसतो. पुडीचे तोंड दाताने तोडायचे, नळीचे टोपण फिरवून काढायचे. टोपण चिमणीच्या अंड्याएवढेही नाही. शेतात पडले की गेले. मग उघडी नळी खिशात, खिशातून खाटेवर आणि खाटेवरून मुलाच्या हातात. ती मऊ असते, दाबली की काहीतरी बाहेर येते. मुलाला ह्याहून चांगले खेळणे कोणते?

तोंड सुकलेल्या चुन्याने अर्धवट बुजलेले असते. मूल जोराने दाबते, कधी दातांत धरते, आणि बुजलेला चुना एकदम सुटून थेट डोळ्यात उडतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील नेत्रतज्ज्ञांनी २००३ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय साप्ताहिकात चुन्याच्या पाकिटांच्या धोक्याचा जाहीर इशारा दिला. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉक्टरांनीही चुन्याने भाजलेल्या मुलांच्या डोळ्यांवर पुढे लिहिले आहे. चुना हा तीव्र अल्कली आहे. आम्लाने डोळ्याचा पृष्ठभाग भाजतो, पण साकळलेला थर आम्लाला काहीसे अडवतो. अल्कली मात्र पेशी विरघळवत आत आत जात राहतो. त्यात चुना पाण्यात फारसा विरघळत नाही. त्याचे कण पापणीखाली चिकटून बसतात आणि तासन्‌तास भाजत राहतात. बुबुळाच्या कडेला ज्या पेशी नवा पृष्ठभाग घडवतात त्याच जळाल्या, तर काचेसारखे बुबुळ दुधी होते. पाच वर्षांच्या मुलाने तो डोळा घेऊन पुढची साठ वर्षे काढायची असतात.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. अक्राणीच्या डोंगरातील पाड्यावरून धडगाव गाठायचे, तिथून चांदसैलीचा घाट उतरून तळोदे, मग नंदुरबार. नर्मदाकाठच्या गावांना तर तरंगत्या दवाखान्याच्या बोटीचा आधार. डोळ्यात चुना गेल्यावर मिनिटे मोजावी लागतात आणि इथे रस्ता तासांत मोजला जातो.

एक विसंगती मनाला फार लागते. खुपऱ्या हा रोग एके काळी आपल्या देशात आंधळेपणाचे मोठे कारण होता. १९६३ साली त्याच्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात टेट्रासायक्लिनच्या मलमाच्या नळीचा मोठा वाटा होता. कितीतरी मिशन दवाखान्यांत सिस्टरांनी अशा नळीतले मलम मुलांच्या पापण्यांत घातले असेल. ऑक्टोबर २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्यांचे सार्वजनिक आरोग्याला असलेले संकट संपल्याचे प्रमाणित केले. एका नळीने डोळे राखले. त्याच आकाराची दुसरी नळी, चार हात दूर खाटेवर पडलेली, डोळे घेते आहे.

कायद्याचे म्हणाल तर तंबाखूच्या पुडीवर कर्करोगाचे भीषण चित्र छापावेच लागते. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदीही घातली. पण चुना तंबाखू नव्हे, म्हणून चित्राची ती सक्ती त्याला लागू नाही. चुन्याची नळी कोणाच्या खात्यात येते, आरोग्याच्या, अन्नाच्या की ग्राहकांच्या, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे आणि तो विचारणारे लोकप्रतिनिधी आपल्याकडे निघू शकतात. मागणी फार मोठी नाही: शांपूच्या नळीला जे बिजागरीचे टोपण मिळते तेच चुन्याच्या नळीला मिळावे, आणि मुलाच्या बोटांना सहज न उघडणारे मिळावे. तंबाखू सुटली तर सोन्याहून पिवळे. पण ज्याची सुटत नाही त्याच्या मुलाचा डोळा त्यासाठी ओलीस का असावा?

तोवर घरात करायच्या गोष्टी साध्या आहेत. चुना पुन्हा डबीत भरावा, बिजागरीच्या डबीत, आणि डबी उंच फळीवर ठेवावी. नळीच आणली असेल तर रिकामी झाल्यावर ती अंगणात फेकू नये. रिकाम्या नळीतही एक डोळा घालवण्यापुरता चुना उरतो. आणि अपघात झालाच, तर तूप, तेल, मध, आईचे दूध असले काहीही डोळ्यात घालू नये. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते लगेच, तिथल्या तिथे, मुलाला आडवे करून, पापण्या उघड्या धरून ओतत राहावे. निदान अर्धा तास. मूल ओरडेल, हातपाय झाडील, एकाने धरावे आणि दुसऱ्याने ओतावे. पापणी उलटून चुन्याचे दिसणारे कण ओल्या स्वच्छ फडक्याच्या टोकाने टिपून घ्यावेत. गाडी दारात उभी असली तरी आधी पाणी, मग गाडी. आणि वाटेतही घागर बरोबर घ्यावी.